ल मां २०२४: चार तास सेफ्टी कारमागे, मग शर्यत कसली?

तिसरा गिअर (धागाकर्ता)

२०२४ च्या ल मां २४ तास शर्यतीबद्दल माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून हा धागा.

१५ आणि १६ जूनला झालेली ती ९२ वी शर्यत. ६२ गाड्या होत्या: २३ हायपरकार (सगळ्यात वेगवान वर्ग), १६ एलएमपी-टू (त्याखालोखाल) आणि २३ जीटी-थ्री (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या, सगळ्यात हळू). फ्रान्समध्ये दुपारी चारला सुरुवात, म्हणजे आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी साडेसात. रात्रभर जागून बघणाऱ्यांना आठवत असेल: आपल्याकडे रविवारची सकाळ झाली होती, तिकडे अजून अंधार होता, पाऊस वाढला आणि सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांना आपल्यामागे हळू फिरवणारी गाडी, बाहेर आली. ती चार तासांहून जास्त वेळ बाहेरच राहिली. चोवीस तासांचा सहावा हिस्सा गाड्या एकामागोमाग एक, ओव्हरटेकिंगला बंदी. त्याआधी कुबित्साची ८३ नंबरची फेरारी आणि वान्थोरची १५ नंबरची बीएमडब्ल्यू यांची टक्कर झाली होती. तेव्हाही कठडा दुरुस्त होईपर्यंत बराच वेळ असाच गेला होता.

माझा मुद्दा सुरक्षेच्या विरोधात नाही. ट्रॅकवर पाणी साचलं असेल तर थांबवा. पण सेफ्टी कार म्हणजे थांबवणं नव्हे. घड्याळ चालू राहतं, इंधन जळत राहतं आणि आठ-दहा तास घाम गाळून कमावलेली आघाडी मात्र पुसली जाते. ल मांमध्ये आधी तीन सेफ्टी कार निघतात, मग त्यांच्या तीन रांगांची एक रांग करतात आणि त्यानंतर मागे पडलेल्यांना पुढे जाऊन आपली फेरी परत मिळवू देतात. शेवटी काय झालं? पहिल्या नऊ गाड्या एकाच फेरीत. मोलिना, निल्सन, फुओको यांची ५० नंबरची फेरारी ३११ फेऱ्या करून ७ नंबरच्या टोयोटापुढे फक्त १४.२२१ सेकंदांनी जिंकली. शेवट थरारक होता, कबूल. पण त्या थरारातला किती भाग गाड्यांनी आणि चालकांनी मिळवलेला, आणि किती नियमाने वाटलेला?

१९९५ आठवा. जवळजवळ सगळी रात्र पाऊस. जेजे लेहटोने मॅक्लारेन एफ-वन जीटीआर त्या अंधारात इतरांपेक्षा कितीतरी वेगाने चालवली आणि जीटी वर्गातली गाडी प्रोटोटाइपना (खास शर्यतीसाठीच बांधलेल्या गाड्यांना) मागे टाकून पूर्ण शर्यत जिंकली. त्या रात्री पाऊस हीच परीक्षा होती. २०२४ मध्ये आपण ती परीक्षाच रद्द केली.

---

रानवारा

सहमत नाही, अजिबात नाही.

१९९५ चा दाखला दिलात. मी २०१४ चा देतो. शर्यत सुरू होऊन दोन तासही झाले नव्हते, म्युल्सानच्या सरळ पट्ट्यावर अचानक सर आली. लापिएरची टोयोटा, बोनानोमीची ऑडी आणि सॅम बर्डची जीटी फेरारी, तिघांचं तिथेच बिनसलं. वेगवेगळ्या वर्गांतल्या गाड्या, वेगवेगळा वेग आणि पाणी. टोयोटा तरी दुरुस्त होऊन परत आली, बाकी दोघांची शर्यत संपली. हे दिवसाढवळ्या, आणि जगातल्या उत्तम चालकांच्या हातून.

आता साधं गणित करू. कोरड्या ट्रॅकवर हायपरकारची फेरी साधारण ३ मिनिटं २५ सेकंदांची, जीटी-थ्रीची जवळजवळ ४ मिनिटांची. म्हणजे एक हायपरकार एका जीटीला दर २३-२४ मिनिटांनी पुन्हा गाठते. ट्रॅकवर जीटी २३. म्हणजे प्रत्येक हायपरकार मिनिटाला सुमारे एक जीटी ओलांडते. हायपरकारही २३. हे असंच सतत चालू, मध्ये एलएमपी-टू वेगळ्या. हेच पहाटे चारला, पाण्याच्या फवाऱ्यात करून बघा. पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसत नाहीत, आणि जीटीवाल्याला आरशात फक्त पांढरं दिसतं.

त्या प्रत्येक जीटीच्या आळीपाळीने चालवणाऱ्या चालकांमध्ये किमान एक ब्रॉन्झ दर्जाचा असतो. नियमच आहे तसा. म्हणजे हौशी चालक, ज्याचा पोटापाण्याचा उद्योग दुसराच असतो. निर्णय घेणाऱ्याने लेहटोकडे बघून निर्णय घ्यायचा नसतो, ट्रॅकवरच्या सगळ्यात कमी अनुभवी माणसाकडे बघून घ्यायचा असतो.

---

गिरमिट

रानवारांना +१.

२०१३ मध्ये ॲलन सिमॉन्सन गेला. शर्यत सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, ट्रॅक काही ठिकाणी ओलसर होता, तेर्त्र रूजच्या वळणावर ॲस्टन मार्टिन कठड्यावर आदळली. अनुभवी माणूस होता. मी ते थेट बघितलंय. त्यानंतर कोणी 'चालवू द्या, मर्दासारखं' असं म्हणालं की मला बोलायची इच्छाच राहत नाही.

---

तिसरा गिअर

गिरमिट, 'मर्दासारखं चालवा' असं मी कुठेही म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. सिमॉन्सनचं नाव मीही विसरलेलो नाही.

माझं म्हणणं एवढंच: एवढा धोका आहे तर लाल झेंडा दाखवा. गाड्या उभ्या करा, फरक जसाच्या तसा ठेवा, मार्शलना (ट्रॅकवरच्या कर्मचाऱ्यांना) कामाला लावा, चालकांना झोपू द्या. ल मांच्या दोनच आठवडे आधी जर्मनीतल्या न्युर्बर्गरिंगच्या २४ तास शर्यतीत तेच केलं. धुकं उतरलं, मध्यरात्रीच्या आधी शर्यत थांबवली, आणि दुसऱ्या दिवशीही धुकं हटेना तेव्हा सेफ्टी कारमागे काही फेऱ्या काढून निकाल लावला. ५० फेऱ्या, त्या शर्यतीच्या इतिहासातल्या सर्वांत कमी. प्रेक्षकांचा हिरमोड झाला असेल, पण चार तास शर्यत 'चालू' आहे असं कोणी भासवलं नाही. फवाऱ्यात दिसत नाही म्हणून शर्यत होऊ शकत नाही, हे मान्य असेल तर तसं जाहीर करा.

शिवाय, सेफ्टी कारमागे फिरवणं निर्धोक आहे हेही मला पटत नाही. ल मां ज्या जागतिक एन्ड्युरन्स मालिकेत येते, तिच्यात टायर आधी तापवून घ्यायला बंदी आहे. हळू फिरताना पावसाळी टायर थंड पडतात, ब्रेक थंड पडतात. शर्यत सुटते तेव्हा ६०-६२ पैकी उरलेल्या सगळ्या गाड्या एका झुंडीत, थंड टायरवर, ओल्या ट्रॅकवर. ही परिस्थिती कोणी तयार केली?

---

वैदेही, स्टुटगार्ट

मी त्या रात्री ल मांला होते. प्रेक्षकाच्या बाजूचं थोडं सांगते, कारण धाग्यात ते कोणीच बोललेलं नाही.

पावसात बसून गाड्यांची ती रांग बघणं कंटाळवाणं होतं. पण गाड्या फिरत होत्या. दर काही मिनिटांनी तो आवाज यायचा, दिवे यायचे, आपला नंबर दिसायचा. न्युर्बर्गरिंगला नुसतं धुकं आणि बंद ट्रॅक. दोन्ही ठिकाणी माझ्यासारख्यांनी तिकिटाला चांगले पैसे मोजलेले असतात, तंबू ठोकलेला असतो, सुट्टी काढलेली असते. ल मांला मला माझे पैसे वाया गेल्यासारखं वाटलं नाही.

आणि न्युर्बर्गरिंगची तुलना तितकीशी बसत नाही, तिसरा गिअर. धुक्यात खरी अडचण वेगळी असते: एका मार्शलला पुढचा मार्शल दिसत नाही आणि जखमीला न्यायला हेलिकॉप्टर उडू शकत नाही. तिथे गाडी हळू चालवूनही काही सुटत नाही. पावसात मात्र हळू गेलं की धोका खरोखर कमी होतो. पाण्यावर टायर तरंगतो तो वेगामुळे. तेवढं पाणी खाचांमधून बाहेर फेकायला टायरला वेळच मिळत नाही. वेग निम्मा केला की तोच टायर पकड धरतो.

---

ओली वाट

लाल झेंडा म्हणजे न्याय, असं धागाकर्त्यांनी गृहीत धरलंय. अमेरिकेतली डेटोना २०१९ बघा. पावसामुळे दोनदा लाल झेंडा. दुसऱ्या वेळी दोन तासांहून थोडा कमी वेळ शिल्लक होता. फेलिपे नासर आघाडीवर होता, पहिल्या वळणावर पाण्यात जरा बाहेर गेला, अलोन्सो पुढे निघाला, आणि त्यानंतर लगेच लाल झेंडा. शर्यत परत सुरू झालीच नाही. चोवीस तासांच्या शर्यतीचा निकाल त्या एका वळणावर लागला. अलोन्सो, कोबायाशी, टेलर, व्हॅन डर झांड यांच्या विजयाबद्दल मला काही म्हणायचं नाही, ते वेगवान होतेच. पण झेंडा दोन मिनिटं आधी आला असता तर करंडक दुसऱ्याच्या घरी असता.

ल मांमध्ये सेफ्टी कारने निदान शेवटचा भाग वाचवला. आठनंतर शर्यत सुटली आणि पुढचे तास काय होते! फुओको-मोलिना-निल्सनच्या गाडीचं दार नीट लागेना, काळ्या-नारिंगी झेंड्याने तिला दुरुस्तीसाठी पिटमध्ये बोलावलं, तरी शेवटी निल्सनने ऊर्जा जपत जपत गाडी आणली. टाकीत दोनच टक्के उरले होते. ७ नंबरची टोयोटा २३ व्या जागेवरून सुटलेली, ती दुसरी आली. तिचा एक चालक लोपेझ तर कॉनवे जखमी झाल्यामुळे ऐनवेळी आत आलेला. सेफ्टी कारऐवजी लाल झेंडा दाखवला असता आणि मग पाऊस थांबला नसता, तर यातलं काहीच दिसलं नसतं.

---

चिखलदरा एक्स्प्रेस

क्रिकेटमध्ये पाऊस आला की खेळ थांबतो, षटकं कापतात, पण फलकावरच्या धावा पुसत नाहीत. धागाकर्त्यांचा मुद्दा मला एवढाच दिसतो आणि तो पटतो. बाकी सगळे सुरक्षेबद्दल बोलताहेत, ज्यावर वादच नाही.

प्रश्न: फुल कोर्स येलो का नाही ठेवलं? सगळ्यांनी ताशी ८० किमी, जो जिथे आहे तिथे. वेगही कमी, अंतरही कायम.

---

रानवारा

@चिखलदरा, चांगला प्रश्न. ल मांचा ट्रॅक १३.६२६ किमीचा. फुल कोर्स येलोमध्ये गाड्या त्या सगळ्या लांबीवर पसरलेल्या राहतात. म्हणजे कठड्यापाशी उतरलेल्या मार्शलच्या पुढून दर काही सेकंदांनी कोणीतरी जात राहणार, तेही फवाऱ्यात, साचलेल्या पाण्यातून. एकच रांग केली की ती एकदा पुढून गेली की पुढची काही मिनिटं ट्रॅक पूर्ण रिकामा. तेवढ्यात क्रेन आणता येते, पाण्याला वाट काढून देता येते. रांग करण्याचं मुख्य कारण हे आहे. शर्यत चुरशीची करणं हा त्याचा परिणाम आहे, हेतू नव्हे.

सेफ्टी कारचा चालक स्वतः दर फेरीला सांगू शकतो की कुठे पाणी वाढलंय, कुठे ओसरलंय. रेस डायरेक्टरला पहाटेच्या अंधारात कॅमेऱ्यावर ते कळत नाही.

२०१६ मध्ये सुरुवातच सेफ्टी कारमागे जवळजवळ तासभर केली होती. तेव्हाही आरडाओरडा झाला. पण गाड्या शाबूत राहिल्या.

---

तिसरा गिअर

रिकाम्या ट्रॅकचा मुद्दा वजनदार आहे, रानवारा. रांग करा, माझी हरकत नाही. पण रांग करणं वेगळं आणि मागे पडलेल्याला फेरी परत देणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीचा मार्शलच्या सुरक्षेशी काय संबंध? ती काढून टाका. ज्याने फेरीची आघाडी मिळवली ती त्याची राहू दे.

आणि एक गोष्ट जिच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. जीटी-थ्रीमध्ये ब्रॉन्झ चालकाने किमान सहा तास चालवलंच पाहिजे. संघाची सगळी आखणी त्यावर चालते, कारण तो व्यावसायिकापेक्षा फेरीमागे काही सेकंद हळू असतो. आता चार तास सेफ्टी कारमागे गेले तर शहाणा संघ काय करेल? ब्रॉन्झला आत बसवेल आणि त्याचे तास तिथेच संपवेल. मग उजेडात, सुटलेल्या शर्यतीत, व्यावसायिक चालक. नियमाच्या चौकटीत आहे, मी संघांना दोष देत नाही. पण या वर्गाचा आत्माच हौशी चालकाला कसोटीत उतरवण्याचा आहे. सेफ्टी कारमागचे तास त्या सहा तासांत धरू नयेत, ही माझी ठाम मागणी आहे.

---

वैदेही, स्टुटगार्ट

जीटी-थ्री कोणी जिंकली ते आठवा: मांथाईची ९१ नंबरची पोर्शे. लिट्झ, शूरिंग, शाहीन. रिचर्ड लिट्झ म्हणजे तोच, जो २०१५ च्या पेटिट ल मांमध्ये (अमेरिकेतली शर्यत) पिले आणि टँडीबरोबर होता. रोड अटलांटावर धो धो पाऊस, शर्यत वेळेआधी संपवावी लागली, आणि त्यांची ९११ सगळ्या प्रोटोटाइपना मागे टाकून एकूण पहिली आली. लेहटोची रात्र परत हवी असेल तर ती तिथे झाली होती, वीस वर्षांनी, सेफ्टी कारच्या युगातच.

म्हणजे पावसात शर्यत होतच नाही असं नाही. पाणी किती आणि उजेड किती, यावर ते आहे. रोड अटलांटाचा ट्रॅक चार किमीच्या आसपास. पाऊस पडला तर बहुतेक सगळीकडे पडतो. ल मांमध्ये पिटसमोर रस्ता कोरडा असताना इंडियानापोलिस नावाच्या वळणावर पाणी साचलेलं असू शकतं.

---

चिखलदरा एक्स्प्रेस

ब्रॉन्झच्या तासांची मागणी मला एकदम पटली. फेरी परत देण्याबद्दल मात्र मी अजून द्विधा. ती न दिल्यास एका पंक्चरने सकाळी तीनलाच शर्यत संपते, आणि साठेक गाड्यांचे संघ वर्षभर खपतात.

---

रानवारा

मला ती मागणी पटत नाही, आणि याच कारणासाठी पटत नाही की मी ब्रॉन्झ चालकांची काळजी घेऊन इथे आलोय.

समजा सेफ्टी कारमागचे तास धरले नाहीत. पाऊस चार तास. सकाळी आठला शर्यत सुटते, आठ तास उरलेत, ट्रॅक ओला, टायर थंड. ज्या संघाच्या ब्रॉन्झचे अडीच तास बाकी आहेत, त्याने त्याला कधी बसवायचं? शेवटी ठेवला तर निकाल हातचा जातो. म्हणजे लगेच बसवणार, सगळ्यात वाईट वेळी, झुंड सुटताना, मागून हायपरकार येत असताना. आज तो तेव्हा पिटमध्ये बसून कोरड्याची वाट बघू शकतो. तुमच्या नियमाने बघू शकणार नाही.

मागणी करायचीच तर अशी करा: सेफ्टी कार ठरावीक वेळेपेक्षा जास्त राहिली तर ब्रॉन्झचे किमान तास त्या प्रमाणात कमी करा. मग त्याला रांगेत बसवून तास जाळायची गरज नाही आणि ओल्यात ढकलायचीही नाही.

---

तिसरा गिअर

प्रमाणात कमी करायला माझी तयारी आहे, पण मग तो कमी झालेला वेळ व्यावसायिकाला मिळणार, म्हणजे हौशी चालकाच्या वर्गात हौशी चालक आणखी कमी दिसणार. त्यापेक्षा सेफ्टी कारमागचे तास अर्धे धरा. आणि शर्यत सुटल्यावर पहिल्या दोन फेऱ्यांत ब्रॉन्झला बसवायला बंदी घाला, म्हणजे तुमची झुंडीची भीतीही राहत नाही. यावर बोला.