अनुभव धागा: घरी जुळवलेला पीसी आणि दगा देणारी रॅम

असेंबल्ड पीसी मधेच रीस्टार्ट व्हायला लागला की पहिला संशय विंडोजवर, दुसरा ग्राफिक्स कार्डावर, तिसरा एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर). रॅमचा नंबर फार उशिरा लागतो आणि तोवर बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून हा धागा काढते आहे.

माझ्याकडे निळी स्क्रीन कधी आलीच नाही. घरातल्या जुन्या मोडी कागदांचे स्कॅन झिप करून बाहेरच्या डिस्कवर ठेवायचं काम चालू होतं. झिप उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची सूचना) यायची, पण दर वेळी वेगळ्याच फाइलवर. डिस्क खराब असती तर तीच ती फाइल अडली असती. मग एका मोठ्या फाइलचा एसएचए-256 (फाइलचा ठसा, फाइल तीच असेल तर तो दर वेळी सारखाच यायला हवा) लागोपाठ काढून पाहिला, तर उत्तरं जुळेनात. मेमटेस्ट86+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावून ठेवला आणि सकाळी स्क्रीनवर लाल ओळी. रॅमच्या दोनपैकी एकाच स्टिकमध्ये दोष होता. ती बदलून मिळाली, पण ती पीसीत असताना केलेला प्रत्येक बॅकअप संशयास्पद ठरला, कारण रॅममध्ये बिघडलेला डेटाच डिस्कवर लिहिला जातो आणि बॅकअपमध्येही तोच जातो. ते कागद मी पुन्हा स्कॅन केले. सुदैवाने मूळ कागद हातात होते.

तुमच्याकडे लक्षण काय होतं, संशय कोणावर गेला आणि खात्री कशी पटली, ते सविस्तर लिहा. कंपन्यांची आणि दुकानांची नावं नकोत. रॅमचा प्रकार आणि वेग मात्र जरूर लिहा, त्याचा सगळ्यांना उपयोग होतो.

कोल्हापूरहून, व्हिडिओ एडिटिंग

ताई, धागा अगदी वेळेवर काढलात. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. एएमडीचा रायझन 7000 मालिकेतला प्रोसेसर, डीडीआर5 6000 च्या 32 जीबीच्या दोन स्टिक, एक्स्पो (रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू. छान चालत होतं. 4के फुटेज वाढलं म्हणून त्याच मॉडेलच्या आणखी दोन स्टिक आणल्या आणि तिथून त्रास सुरू झाला. पीसी चालू व्हायला खूप वेळ, आणि रेंडर निम्म्यावर आला की प्रोग्रॅम बंद. दुकानदार म्हणाला नवी जोडी खराब. पण नवी जोडी एकटी लावली तर मेमटेस्ट पास, जुनी एकटी लावली तरी पास.

उत्तर एएमडीच्याच तक्त्यात होतं. या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा दोन स्टिकना 5200 आणि चार स्टिकना 3600 आहे. म्हणजे खोक्यावर छापलेला 6000 हा मुळातच ओव्हरक्लॉक, म्हणजे मर्यादेपलीकडचा वेग. दोन स्टिक तो पेलतात, चार लावल्या की मेमरी कंट्रोलरवरचा (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागावरचा) भार फार वाढतो. शिवाय मॉडेल नंबर तोच असला तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात. 3600 वर चारही शांतपणे चालल्या, पण मला वेगही हवा होता. शेवटी चारही विकून 48 जीबीच्या दोन घेतल्या. डीडीआर5 घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: लागेल तेवढी रॅम पहिल्यांदाच दोन स्टिकमध्ये घ्या.

आणखी एक. नवी डीडीआर5 लावल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. बोर्ड तेव्हा मेमरी ट्रेनिंग करत असतो, म्हणजे रॅमशी मापं जुळवून घेत असतो. घाबरून स्विच बंद करू नका.

नागपूरहून

माझा अनुभव वेगळा आहे. डीडीआर4 3600, टायमिंग (रॅमच्या कामांमधली थांबायची वेळ) स्वतः हाताने घट्ट केलेले. हिवाळ्यात सगळ्या टेस्ट पास. एप्रिल लागला तसा दुपारी गेम खेळताना पीसी रीस्टार्ट होऊ लागला. रात्री मेमटेस्ट लावला की एकही एरर नाही. ग्राफिक्स कार्ड मित्राच्या पीसीत लावून पाहिलं, तिथे ते व्यवस्थित.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरवरचा भार. तो सतत झिरपतो, म्हणून दर 64 मिलिसेकंदांत सगळ्या ओळी रिफ्रेश कराव्या लागतात. डीडीआर4 मध्ये त्यासाठी सरासरी दर 7.8 मायक्रोसेकंदांनी एक रिफ्रेश आज्ञा जाते. चिप तापली की भार लवकर झिरपतो, इतका की 85 अंशांच्या वर हे अंतर निम्मं करावं असं मानकच सांगतं. मी वेगासाठी टीआरईएफआय (हेच अंतर रॅमच्या घड्याळाच्या ठोक्यांत ठरवणारी सेटिंग) 65535 वर नेला होता, म्हणजे 3600 च्या वेगाला सुमारे 36 मायक्रोसेकंद. थंडीत ते खपून गेलं. विदर्भाच्या उन्हाळ्यात, बंद खोलीत, खालून ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट रॅमवर येत असताना खपलं नाही.

मेमटेस्टमध्ये हे दिसत नव्हतं कारण तो चालताना ग्राफिक्स कार्डाला काही कामच नसतं आणि रॅम थंड राहते. मग विंडोजमध्ये टेस्टमेम5 (रॅम तपासणारा आणखी एक प्रोग्रॅम) आणि सोबत ग्राफिक्स कार्डावर पूर्ण लोड, तेही दुपारी, असं लावलं. थोड्याच वेळात एरर आल्या. टीआरईएफआय ऑटोवर ठेवला, वर एक पंखा वाढवला. यंदाच्या मे महिन्यात एकदाही रीस्टार्ट नाही.

रत्नागिरीहून

आमच्याकडे पावसाळ्यात पीसी बंद पडला की रिपेअरवाला पहिलं काम काय करतो, तर रॅम काढून खोडरबराने घासतो. बहुतेक वेळा पीसी चालूही होतो, पण त्यात स्टिक काढून पुन्हा घट्ट बसवण्याचाच वाटा मोठा असतो. पट्टीवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, सारखं घासून तो झिजतो आणि रबराचे कण स्लॉटमध्ये पडतात. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरतो. केबल काढायची, पॉवरचं बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्यायचा, मग हात लावायचा. हल्लीच्या पुष्कळ बोर्डांवर स्लॉटला खिटी एकाच बाजूला असते. दुसऱ्या टोकाकडून ‘टक’ आवाज येत नाही, म्हणून ते टोक नीट दाबून पाहावं लागतं. आमच्या पीसीत तेच टोक केसभर वर होतं.

बंगळुरूहून, लिनक्सवर काम

माझं लक्षण म्हणजे कंपायलर (कोडपासून प्रोग्रॅम बनवणारा) मधेच सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत चुकीच्या जागी गेल्याची एरर) देऊन मरायचा. पुन्हा चालवलं की पुढे जायचा आणि भलत्याच फाइलवर मरायचा. कोडमधली चूक अशी जागा बदलत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या थ्रेडरिपर (एएमडीचा प्रोसेसर) पीसीवर असंच झालं होतं. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मर्ज विंडोच्या, म्हणजे नवे बदल घेण्याच्या काळाच्या, ऐन गर्दीत त्यांचे बिल्ड फसू लागले आणि कारण निघालं खराब रॅम. ते ईसीसीचा (चूक पकडून दुरुस्त करणाऱ्या रॅमचा) आग्रह धरणारे, पण पीसी घेताना ईसीसी स्टिक मिळाल्या नव्हत्या.

माझ्या स्टिकमध्ये एकाच छोट्या पट्ट्यातले पत्ते खराब होते. नवी येईपर्यंत मेमटेस्टने दिलेला पत्ता घेऊन कर्नलच्या मेममॅप पर्यायाने तो भाग वगळला आणि काम चालू ठेवलं. गूगलच्या सर्व्हरांवरचा 2009 चा अभ्यास सांगतो की वर्षभरात 8 टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये दुरुस्त होऊ शकणाऱ्या एरर आल्या. त्या दिसल्या, कारण तिथे ईसीसी होतं. आपल्या घरी त्या दिसतही नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. डीडीआर5 मध्ये चिपच्या आत जे ईसीसी असतं ते याला पर्याय नाही. चिप ते प्रोसेसर या वाटेवरची चूक ते पकडत नाही.

नाशिकहून

मित्रांचे आणि नातेवाइकांचे पीसी जोडून देतो. माझा क्रम ठरलेला आहे. आधी एक्सएमपी (एक्स्पोसारखीच सेटिंग) किंवा एक्स्पो बंद. एरर गेल्या तर गडबड वेगाची, व्होल्टेजची किंवा कंट्रोलरची. साध्या वेगालाही राहिल्या तर एकच स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग तिथेच दुसरी स्टिक. एरर स्टिकबरोबर फिरली तर स्टिक खराब, स्लॉटला चिकटून राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसरची बैठक. कूलर एकीकडे जास्त आवळला गेला तरी मेमरीचं एक चॅनल गायब होऊ शकतं. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा.

पण प्रत्येक वेळी रॅमलाच दोषी धरू नका. इंटेलच्या 13 व्या आणि 14 व्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत व्होल्टेजमुळे अस्थिरता येते, हे कंपनीने 2024 मध्ये मान्य केलं आणि मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला. त्याची लक्षणंही मेमरीच्या दोषासारखीच असायची, गेममध्ये तर व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश यायचा. तसा प्रोसेसर असेल तर आधी बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट करा, तो मायक्रोकोड त्यातूनच येतो.

ठाण्याहून

नाशिककर, क्रम लगेच उतरवून घेतला. माझ्याकडे डीडीआर5 आहे आणि त्रास फक्त पीसी स्लीपमधून उठल्यावर व्हायचा. बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर चालू होतं, म्हणजे दर वेळी नवं ट्रेनिंग न करता जुनीच मापं वापरली जात होती. ते बंद केलं. आता चालू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, पण निळी स्क्रीन थांबली.