गायागमच्या सुरांतील कंप: अलंकार की रागाचाच भाग?

विलंबित: गेले काही महिने मी गायागम या बारा तारांच्या कोरियन वाद्यावरील ‘सान्जो’ हा एकल वादनप्रकार ऐकत आहे. त्यात काही स्वर जोराने थरथरतात, काही मात्र अगदी स्थिर राहतात. हा वादकाच्या मर्जीचा भाग आहे, की त्यामागे नियम आहे? शिवाय सोबतच्या जांगू या ढोलाचे काम आपल्या तबल्यासारखेच असते का?

सतारवादक: नियम निश्चितच आहे. रेशमी तारा पॉलोनियाच्या हलक्या लाकडावर ताणलेल्या असतात आणि प्रत्येक तारेखाली सरकवता येणारी स्वतंत्र घोडी (तारेला उचलून धरणारा लाकडी आधार) असते. उजव्या हाताची बोटे नखीशिवाय तार छेडतात, तर डावा हात घोडीच्या पलीकडे तीच तार दाबून सूर चढवतो, हलवतो किंवा खाली आणतो. आपण सतारीवर तार आडवी खेचून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) काढतो, तिथे ती खाली दाबली जाते, एवढाच फरक. सान्जोतील करुण छटेच्या स्वररचनेत खालचा एक स्वर थरथरलाच पाहिजे, मधला सरळ राहिला पाहिजे आणि वरचा किंचित उंचावरून मोडत खाली आला पाहिजे. दरबारी कानड्यातील आंदोलित, म्हणजे संथ झुलणारा, गंधार सरळ लावला तर राग उरत नाही, तसेच हे आहे. म्हणून या कंपाला अलंकार म्हणणे मला पटत नाही.

लयवेडा: जांगूविषयी लिहितो. सान्जो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आला आणि त्याचे श्रेय किम छांग-जो (1865–1919) यांना देतात. त्याची सुरुवात जिन्यांगजो या अतिशय संथ आवर्तनाने होते; पुढे बारा मात्रांचा जुंगमोरी आणि मग जलद जाजिनमोरी येतो, त्यामुळे विलंबिताकडून द्रुताकडे जाणारी आपली बढत आठवणे स्वाभाविक आहे. मात्र जांगूवादक केवळ ठेका धरत नाही. तो डाव्या तळव्याने खर्जाची बाजू आणि उजव्या हातातील बांबूच्या बारीक काडीने चढी बाजू वाजवतो, मुख्य वादकाचा श्वास ओळखून प्रहार हलका किंवा जड करतो आणि मधूनच तोंडाने दादही देतो. ही दाद वादनाचाच भाग मानली जाते.

विलंबित: मनःपूर्वक आभार. मग सर्वच कोरियन वाद्ये सुराला असे हलवतात का?

दगडफूल: नाही, आणि मला तर दुसरे टोकच अधिक मोहक वाटते. प्योनग्योंग या वाद्यात काटकोनासारखे घडवलेले 16 दगड दोन ओळींत टांगलेले असतात. अशी वाद्ये 1116 मध्ये चीनच्या सोंग दरबाराकडून कोरियात आली. पुढे राजा सेजोंगच्या काळात नामयांग येथे योग्य दगड सापडल्यावर ती देशातच घडू लागली. उन्हाळ्या-पावसाळ्याने दगडाचा सूर फारसा ढळत नाही, म्हणून इतर वाद्ये त्याच्याशी जुळवत. सोलमधील जोंगम्यो या राजपूर्वजांच्या देवालयातील विधीत ते आजही वाजते. दरबारी विधिसंगीतात शेवटची खूण ‘ओ’ नावाचा लाकडी वाघ देतो: चिरलेल्या वेळूने त्याच्या डोक्यावर प्रहार करून तोच वेळू पाठीवरच्या 27 दात्यांवरून खरखरत ओढला, की सारा वाद्यवृंद थांबतो.