पत्रा आणि पीओपीच्या मधली गरम हवा काढायला फॅन: किती मोठा, कुठं बसवायचा?

पेठकर_वरचा_मजला
कोल्हापुरात मंगळवार पेठेत वरच्या मजल्यावर २० बाय ३० फुटांचं बांधकाम आहे. वर निळा कलर कोटेड पत्रा, आढं पूर्व-पश्चिम. खाली ९ फुटांवर पीओपी, तिथून आढ्यापर्यंत मध्ये साडेचार फूट पोकळी. पोकळीला कुठंही झरोका नाही, पत्र्याच्या नळ्यासुद्धा वळचणीला सिमेंटनं बुजवल्यात. मार्चपासून दुपारी पीओपीखाली उभं राहवत नाही आणि रात्री ११ पर्यंत खोल्या तापलेल्या असतात. एक दुकानदार ९ इंची दोन एक्झॉस्ट लावा म्हणतो, दुसरा पत्रा कापून टर्बो व्हेंटिलेटर (छपरावर फिरणारा गोल पंखा) बसवा म्हणतो. एका खोलीत एसी आहे. काय करावं?

उद्यमनगर_फॅब
आधी हवा आत कुठून येणार ते ठरवा, मग फॅन. पोकळी बंद असताना फॅन लावला तर तो पीओपीच्या फटीतून, लाईटच्या भोकांतून खालच्या खोलीची हवा ओढणार. म्हणजे एसीची गार हवा पैसे भरून बाहेर टाकायची.

हिशेब असा. पोकळीच्या दर चौरस फुटाला ०.७ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). तुमचे ६०० चौ. फूट, म्हणजे ४२०. पत्रा गडद आहे म्हणून १५ टक्के जादा, ४८३ झाले. ५०० धरा. आपल्याकडं खोक्यावर घनमीटर प्रति तास लिहितात, म्हणून १.७ नं गुणा: ८५०. पण खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी आणि झडपा लागल्या की तो पडतो. त्यामुळं १२०० च्या वरचा, १२ इंची एकच फॅन घ्या. ९०० आरपीएमचा घ्या, १४०० चा रात्री डोक्यावर घोंगावतो.

हवा आत यायला दर ३०० सीएफएमला एक चौरस फूट निव्वळ मोकळी जागा लागते. ५०० ला १.७. जाळी आणि पट्ट्या निम्मी जागा खातात, म्हणून प्रत्यक्षात साडेतीन चौरस फुटांच्या आसपास भोकं हवीत. ९ बाय १२ इंचाच्या पाच जाळ्या बसवल्या की काम झालं.

जागा: फॅन पूर्वेच्या त्रिकोणी भिंतीत, आढ्याच्या जितकं जवळ बसेल तितकं. उन्हाळ्यात आपल्याकडं वारा बहुतेक पश्चिमेचा, त्याच्या तोंडावर फॅन लावला तर तो वाऱ्याशीच भांडत बसतो. जाळ्या उत्तर-दक्षिणेच्या वळचणीखाली, पीओपीच्या वर आणि पश्चिमेच्या टोकाकडं, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. फॅनजवळ जाळी ठेवली तर हवा तिथल्या तिथं फिरते आणि बाकीची पोकळी तापलेलीच राहते. फॅनच्या चौकटीभोवतीची फटही नीट बुजवा, तिथंही हेच होतं. पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीला भोक पाडू नका, पाऊस थेट आत येईल.

टर्बो व्हेंटिलेटर वाऱ्यावर चालतो. पेठेत शेजारच्या इमारती वारा अडवतात, त्यामुळं नेमका गरजेच्या दुपारी तो रेंगाळतो. शिवाय पत्र्याला मोठं भोक. बसवायचाच असेल तर त्याच्या बैठकीची वरची कड आढ्याच्या टोपीखाली सरकवा, आणि स्क्रू नळीच्या माथ्यावर, ईपीडीएम (उन्हात टिकणाऱ्या रबराचा) वॉशर घालून. नळीच्या खोलगट भागात मारलेला स्क्रू आज ना उद्या गळतोच, मग वरून कितीही सिलिकॉन थापा.

वायरमन_करवीर
वायरिंगचं सांगतो, कारण दुपारी पत्र्याखाली ५० अंशाच्या वर जातं आणि तिथं सगळं लवकर मरतं. बुश बेअरिंगचा फॅन नको, त्याचं वंगण सुकतं आणि एका सीझनमध्ये कुरकुर सुरू होते. बॉल बेअरिंगचाच घ्या. कपॅसिटर फॅनच्या अंगावर असेल तर खाली स्विचबोर्डाजवळ काढून घ्या.

१.५ चौ. मिमी तीन पदरी वायर, पूर्ण पीव्हीसी पाईपातून. उघडी वायर उंदीर सोडत नाहीत. जोड पोकळीत नको. फॅनच्या बॉडीला अर्थिंग द्याच, वर सगळा पत्रा आहे, एक सोललेली वायर टेकली तर अख्खं छप्पर करंट धरेल. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर फॅनआधी तो बसवा, भावा.

तापमान बघून फॅन आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट ४० अंशावर लावा. फॅन ६० वॅटचा धरला तर ८ तासांत अर्धा युनिटही होत नाही. जाळीत धूळ, कोळिष्टकं भरली की हवा निम्मी होते. उन्हाळ्यात महिन्याला एकदा ब्रश मारायला हात पोचेल अशी जाळी लावा. कबुतरांसाठी बाहेरून अर्धा इंची वेल्ड मेश पुरते.

घरबांधणी_सल्ला
वरचे आकडे बरोबर आहेत, पण तुमच्या दोन तक्रारींचं कारण एक नाही.

दुपारचा ताप मुख्यतः पत्र्यातून खाली येणाऱ्या उष्णतेच्या किरणांचा. फॅन हवा बदलतो, किरण अडवत नाही. म्हणून आधी पत्र्यावर पांढरा उष्णता-परावर्तक रंग द्या. पत्रा डिटर्जंटनं धुवा, पूर्ण वाळू द्या, प्रायमर, मग दोन हात. दुपारी तापलेल्या पत्र्यावर मारला तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो, सकाळीच मारा. दरवर्षी मार्चमध्ये धूळ धुवा, मळलेला पांढरा रंग ऊन परत फेकत नाही. जमलं तर पत्र्याखाली एक इंच पोकळी सोडून फॉइल, चकचकीत बाजू खाली. ती पत्र्याला चिकटवली तर उष्णता थेट तिच्यात उतरते आणि फायदा थोडा कमी होतो.

रात्री ११ चा ताप मात्र पत्र्याचा नाही. पत्रा पातळ, सूर्य बुडाल्यावर तासाभरात निवतो. रात्री ९ वाजता एक हात पीओपीला लावा, एक पश्चिमेच्या विटांच्या भिंतीला. भिंत गरम लागेल. तिच्यावर पोकळीतल्या फॅनचा काही इलाज नाही. बाहेरून पांढरा रंग आणि फूटभर अंतरावर ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट, एवढं केलं तरी मोठा फरक पडतो.

साठलेला ताप काढायला खोलीचीच हवा बदलावी लागते. कोल्हापुरात एप्रिलमध्ये दिवस ३७-३८ चा असला तरी पहाटे २२-२३ पर्यंत उतरतं. हा फरक वापरा: बाहेर गार झालं की खिडक्या उघडा आणि एका टोकाच्या भिंतीतून मोठा एक्झॉस्ट चालवा. दर चौ. फुटाला २ सीएफएम, म्हणजे तुम्हाला १२००, साधारण ताशी २००० घनमीटर. सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या बंद.

एक धोका. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तो चालू असताना हा एक्झॉस्ट बंदच ठेवा. खिडक्या बंद असताना फॅन घरातली हवा ओढतो आणि गीझरचा धूर बाहेर न जाता उलटा आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पेठकर_वरचा_मजला
गीझर गॅसचाच आहे, बरं झालं सांगितलं. क्रम असा धरतो: रंग, जाळ्या, १२ इंची फॅन, मग भिंतीची नेट. पावसाळ्यात फॅनचं काय?

उद्यमनगर_फॅब
बाहेरून आपोआप मिटणाऱ्या ॲल्युमिनियमच्या झडपा आणि वर ४५ अंशांत उतरती पत्र्याची टोपी, तिची खालची कड फॅनच्या खाली दोन इंच यायला हवी. जून ते सप्टेंबर थर्मोस्टॅट बंद ठेवा. मुसळधार पावसात फॅन चालला तर वळचणीच्या जाळ्यांतून तुषार आत ओढले जातात आणि पीओपीवर पिवळे डाग उठतात. आठवड्यात एखादी कोरडी दुपार मिळाली तर दोन तास चालवा, मोटर जाम होत नाही. जाळ्या मात्र पावसाळ्यात बुजवू नका, लाकडी वासे असतील तर त्यांना बुरशी धरते.