मेडिक्लेम आहे ना, मग पीए कव्हर कशाला? (‘काटकसर’ यांच्या लेखाला उत्तर)

घाटमाथा

परवा ‘काटकसर’ यांनी गाडीच्या विम्यात पैसे कसे वाचवावेत यावर लिहिलं. थोडक्यात असं: मेडिक्लेम असेल तर गाडीबरोबरचं पीए कव्हर (पर्सनल ॲक्सिडेंट, म्हणजे मालकाचा स्वतःचा अपघाती विमा) काढून टाका, गाडीत बसलेले सगळे तुमच्या पॉलिसीत येतातच, आणि पॉलिसी गाडीची असते, त्यामुळे घरातलं कोणीही चालवो, काळजी नको. खाली ‘मस्त माहिती’, ‘शेअर करतो’ असे प्रतिसाद. वाचता वाचता माझा चहा थंड झाला. दोन ओळींत सोडून देणार होतो, जमलं नाही.

माझा मावसभाऊ २०१६ साली मित्राची बाइक घेऊन साताऱ्याहून कोरेगावला निघाला. रात्रीची वेळ, एकटाच. खड्डा चुकवताना गेला खाली. समोरून कोणी आलं नाही, कोणी धडकलं नाही. चार दिवस आयसीयूत होता, पाचव्या दिवशी गेला. मेडिक्लेमने हॉस्पिटलचं बिल बऱ्यापैकी भागवलं. आणि तिथं मेडिक्लेमचं काम संपलं. पदरात दोन मुलं घेऊन वहिनी वकिलाकडे गेली, तर उत्तर असं: बाइकचा थर्ड पार्टी विमा आहे, पण तुमचा नवरा थर्ड पार्टी नाही, तोच चालवत होता. पीए कव्हर आहे, पण ते मालकाचं, आणि मालक घरी झोपला होता. सुप्रीम कोर्टाचा निंगम्मा खटला आहे, २००९ चा. त्यातही माणूस मागून घेतलेल्या मोटारसायकलवरून बैलगाडीवर आदळून गेला होता. मागून घेतलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, त्यामुळे मोटार वाहन कायद्याच्या तेव्हाच्या १६३-अ कलमाखाली भरपाई मागता येत नाही, असं कोर्टानं सांगितलं. वकिलानं त्याच्याकडे बोट दाखवलं आणि फाइल मिटली.

मेडिक्लेम हॉस्पिटलला पैसे देतं, घरच्यांना देत नाही. थर्ड पार्टी तुम्ही ज्याला उडवलं त्याला देतं. तुम्ही गेलात किंवा पाय गेला, तर घरात पैसे आणणारं त्या पॉलिसीत फक्त पीए असतं. तेच काढून टाका म्हणता?

काटकसर

भाऊ गेल्याचं वाईट वाटलं. पण लेख नीट वाचला असतात तर बरं झालं असतं. मी लिहिलं होतं की ‘ज्यांच्याकडे पुरेसा विमा आहे त्यांनी’. माझ्याकडे एक कोटीचा टर्म प्लॅन आहे. त्यावर हे पीएचे पंधरा लाख म्हणजे भाजीबरोबरची फुकटची कोथिंबीर, फक्त इथं तिचेही पैसे लावतात. २०१८ पर्यंत कारला दोन लाख आणि दुचाकीला एक लाख होतं, तेव्हा कोणी मेलं नाही का? मग एकदम १५ लाख आणि साडेसातशे रुपये हप्ता. शोरूमवाल्यानं मला विचारलंसुद्धा नाही, सरळ बिलात टाकलं.

घाटमाथा

‘पुरेसा विमा’ नव्हे, तुमचा शब्द ‘मेडिक्लेम’ होता. लेख अजून वरच आहे, जाऊन बघा. आणि टर्म प्लॅन माणूस मेल्यावर देतो. उजवा पाय गुडघ्याखाली गेला आणि माणूस जिवंत राहिला, तर साधा टर्म एक रुपया देणार नाही. म्हणून तर पीएतून सूट मिळायला १५ लाखांचं अपघाती मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही असलेलं कव्हर दाखवावं लागतं. तशी वेगळी पॉलिसी असेल तर गाडीबरोबरचं खुशाल नाकारा, जानेवारी २०१९ पासून ते गाडीच्या पॉलिसीपासून सुटं झालंय. दोन गाड्या असतील तरी एकच पुरतं. मी यंदा सव्वातीनशे भरले. कोथिंबीर महाग आहे खरी.

डोंबिवली फास्ट लोकल

मूळ मुद्दा राहू द्या, मेडिक्लेमवाल्यांचं बोला. नियम काय, तर २०२४ पासून कॅशलेसचा निर्णय तासाभरात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत. आईला सकाळी दहाला सोडलं, आम्ही निघालो रात्री साडेनऊला. तोवर खोलीचं भाडं चालूच. वर रूम रेंटची मर्यादा ओलांडली म्हणून सगळ्याच बिलाला त्याच प्रमाणात कात्री. खोली हजारानं महाग, आणि कापले सर्जनच्या फीतून! सप्टेंबर २०२५ मध्ये मेडिक्लेमच्या हप्त्यावरचा जीएसटी काढला म्हणून पेढे वाटले लोकांनी. गाडीच्या विम्याच्या हप्त्यावर अजून अठरा टक्के आहेच.

घाटमाथा

यासाठी वेगळा धागा काढा ना. मी येतो तिथं, माझ्याकडेही आहे भरपूर.

सर्व्हेयरकाका

तीस वर्षं गॅरेजांतून गाड्यांचे फोटो काढले, म्हणून बोलतो. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर. ‘गाडीतले सगळे कव्हर’ हे पॉलिसीवर अवलंबून आहे. फक्त थर्ड पार्टी घेतलेली असेल तर खासगी कारमध्ये शेजारी बसलेली तुमची बायको त्यात येत नाही. पॅकेज असेल, म्हणजे लोक ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतात ते, तर येते. विमा नियामक आयआरडीएनं २००९ साली कंपन्यांना तसं बजावलं होतं. दुचाकीवर मागे बसणाऱ्याचंही तेच. जुनी गाडी झाली की लोक पैसे वाचवायला थर्ड पार्टीवर येतात, आणि त्याच गाडीत सगळं कुटुंब कोंबून तुळजापूरला जातात.

पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर पन्नास रुपये जास्त भरून त्याची कायदेशीर जबाबदारी पॉलिसीत लिहून घ्या. पन्नास रुपये. लोक पार्किंगला देतात.

आगाऊ_कार्टं

काका, पीयूसी नसेल तर क्लेम रिजेक्ट होतो ना? व्हॉट्सॲपवर आलंय.

सर्व्हेयरकाका

नाही होत. नुसतं पीयूसी नाही म्हणून मोटारीचा क्लेम नाकारता येत नाही, हे २०२० मध्ये नियामकानंच स्पष्ट केलंय. दंड होईल तो वेगळा. ते व्हॉट्सॲप आता पुढे पाठवू नका.

पाऊसवेडा

मूळ प्रश्न बाजूला ठेवतो, पण ‘घरातलं कोणीही चालवो’ यावर मला बोलायचंय. घरातलं म्हणजे कोण? मेहुणा धरायचा का?

दोन वर्षांपूर्वी गणपतीला मेहुण्यानं माझी गाडी कणकवलीला नेली. येताना गगनबावड्याच्या घाटात कठड्याला घासली. म्हणाला, ‘दाजी, इन्शुरन्स आहे ना?’ आहे की! बिल सतरा हजार. बंपर प्लास्टिकचा, म्हणजे निम्मे पैसे घसाऱ्यात. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलं नव्हतं ही माझी चूक. वर सक्तीचे हजार कापले. हातात आले साडेसात. आणि पाच वर्षं जपलेला पन्नास टक्के एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर! परत २०, २५, ३५, ४५ असा जिना चढायचा. मेहुण्यानं काय दिलं? मालवणी खाजं. अर्धा किलो.

लाटकर_कोल्लापूर

खाजं तरी दिलं की हो! माझ्या चुलत्यानं टाकी रिकामी करून गाडी आणून दिली आन वर म्हनला ‘ॲव्हरेज कमी देती बघ’. आता कुनी मागितली की सांगतो, सर्विसिंगला हाय. वर्षभर सर्विसिंगलाच हाय गाडी.

आम्ही_मेहुणे

निषेध. गाडी मागणाऱ्याला कोणी विचारत नाही की बहिणीला दवाखान्यात, सासऱ्यांना स्टेशनवर, भाच्यांना क्लासला कोण सोडतं. तेव्हा मेहुणा ड्रायव्हर चालतो. घासली की मेहुणा गुन्हेगार. आणि साडेसात हजारासाठी क्लेम करायला कोणी सांगितलं होतं? पन्नास टक्के एनसीबी असताना छोटं काम खिशातून करायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. हिशोब न करता क्लेम लावला तो दाजींनी.

पाऊसवेडा

खिशातून म्हणजे कोणाच्या? तुमच्या का?

पेठेतला

आमच्या आजोबांनी एकच सांगून ठेवलंय. ‘लेखनी पुस्तकं नारी परहस्तगता गता.’ दुसऱ्याच्या हाती गेली की गेलीच. त्यात आता गाडी जोडायची. विषय संपला.

चिमणी

विषय संपला नाही. नारीला पेन आणि पुस्तकाच्या रांगेत बसवणारं सुभाषित २०२६ मध्ये टाकताना हात थरथरला नाही का? आमच्या घरात आरसी माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून, आणि नवरा माझी गाडी मागून नेतो. म्हणजे परहस्तगत कोण झालं? घाटमाथा यांच्या हिशोबानं माझ्या गाडीच्या पीएमध्ये तो येतच नाही. ते जरा नीट सांगा, सुभाषितं नकोत.

पेठेतला

ताई, गंमत होती. लोकांना हल्ली संस्कृतसुद्धा टोचतं.

चिमणी

संस्कृत नाही टोचत. तुम्ही टोचता.

सर्व्हेयरकाका

भांडू नका. ताईंचा प्रश्न नेमका आहे, आणि या अख्ख्या धाग्यात हाच सर्वांत कामाचा.

‘ओनर-ड्रायव्हर’ या शब्दात दोन्ही लागतं. आरसीवर नाव त्याचं, पॉलिसीवर नाव त्याचं, लायसन चालू, आणि तोच चालवत असला पाहिजे. आपल्याकडे गाडी असते वडिलांच्या नावावर कारण कर्ज त्यांच्या नावावर, आणि चालवतो मुलगा. वडिलांनी लायसन रिन्यू केलेलं नसतं, कारण ते आता चालवत नाहीत. मग पीए कोणाच्या कामाचं? कोणाच्याच नाही. कंपनीच्या नावावरच्या गाडीला तर हे कव्हर लागूच होत नाही. अशा घरांनी गाडीशी न बांधलेली स्वतंत्र अपघात पॉलिसी माणसाच्या नावानं घ्यावी. मग तो मित्राची बाइक चालवो, एसटीत बसो किंवा बाथरूममध्ये घसरो. हाडं मोडून घरी बसला तर काही पॉलिसींत आठवड्याचे पैसेही मिळतात.

नागपुरी_संत्रं

काका, लायसनवरून एक विचारतो. भाऊजीकडे साध्या कारचं लायसन आहे आणि तो छोटा टेम्पो चालवते. कंपनी म्हणते क्लेम नाही.

सर्व्हेयरकाका

टेम्पोचं एकूण वजन ७५०० किलोपर्यंत असेल तर एलएमव्ही, म्हणजे हेच साध्या कारचं लायसन पुरतं. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये हे नक्की केलंय. कंपनीला लेखी नकार मागा. लेखी मागितलं की अर्धे नकार विरघळतात.

घाटमाथा

आणि ज्याला लायसनच नाही त्याला गाडी दिलीत, तर कंपनी जखमीला पैसे देते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. २००४ च्या स्वरण सिंग निकालापासून हे चालत आलंय. म्हणजे मेहुणा राहू द्या, आधी भाचा बघा. सतरा वर्षांच्या पोराला ‘कॉलनीतच चालवतोय’ म्हणून किल्ली दिलीत तर २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि बारा महिने गाडीची नोंदणी रद्द. पुण्यातल्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर सगळ्यांना पाठ झालंय हे कलम, तरी आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी तेच दृश्य.

आम्ही_मेहुणे

आता भाचेही आले. मामा कधी येणार?

आगाऊ_कार्टं

पण आता अपघात झाला की सरकार दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार देतं ना, २०२५ पासून? मग मेडिक्लेम तरी कशाला, पीए तरी कशाला?

डोंबिवली फास्ट लोकल

दीड लाख, सात दिवस. चांगली योजना आहे, पहिल्या तासात कोणी पैसे मागून अडवू नये म्हणून आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसाचं आयसीयूचं बिल बघितलंय का कधी? आठव्या दिवशी काय करायचं ते विचारा.

काटकसर

चला, आता मीच बोलतो. लेखात ‘मेडिक्लेम’ लिहिलं तिथं ‘१५ लाखांची स्वतंत्र अपघात पॉलिसी’ असं हवं होतं. दुरुस्त केलंय. ‘गाडीत बसलेले सगळे’ याला ‘पॅकेज पॉलिसी असल्यास’ जोडलंय. घाटमाथा साहेबांचा चहा आता परत गरम करायला हरकत नाही.

पण शोरूमवाले न विचारता सगळं बिलात घालतात, हा माझा मुद्दा अजून उभा आहे. त्यावर इथं एकानंही ब्र काढला नाही. सगळे मेहुण्यात अडकले.

घाटमाथा

त्यावर मी शंभर टक्के तुमच्या बाजूनं. शोरूममधूनच विमा घ्यायची सक्ती नाही, बाहेरून घेतला तरी गाडी पासिंग होते. मी बाहेरून घेतो म्हटल्यावर माझ्या वेळी कोटेशन अचानक सहा हजारांनी उतरलं. तिसरा मुद्दा मात्र दुरुस्त केलेला दिसत नाही. ‘घरातलं कोणीही चालवो, काळजी नको’ अजून तसंच आहे.

काटकसर

ते वाक्य गाडीच्या नुकसानाबद्दल होतं. गाडी भरून मिळतेच, कोणीही चालवो.

सर्व्हेयरकाका

लायसनवाला कोणीही. ‘लायसनवाला’ घाला तेवढं.

घाटमाथा

आणि गाडी भरून मिळते, चालवणारा नाही, हेही घाला. माझ्या वहिनीला तेवढी एक ओळ कोणी आधी सांगितली असती तर.

काटकसर

घातली.

चिमणी

नवऱ्याच्या नावानं अपघात पॉलिसीची आजच चौकशी केली. एजंटनं पहिला प्रश्न विचारला, ‘मॅडम, गाडी साहेबांच्या नावावर करून टाकायची का? सोपं पडेल.’

पाऊसवेडा

मेहुण्याचा आत्ताच मेसेज आला. शनिवार-रविवार गाडी मोकळी आहे का विचारतोय.

लाटकर_कोल्लापूर

सर्विसिंगला हाय म्हना.