कोणाला मत देतो आणि किती जगतो : बडोद्याला हा हिशेब लागू होतो का?

दांडियाबाजार :
परवा 'सयाजीगंज' या टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी येथे लिहिले की, अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाला कौल देणाऱ्या काउंट्यांतील (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांतील) लोक डेमोक्रॅटिक काउंट्यांतील लोकांपेक्षा लवकर मरतात हे आता सिद्ध झाले आहे, तेव्हा बडोदेकरांनीही आपण कोणाला निवडून देतो आणि किती वर्षे जगतो याचा मेळ घालून पाहावा. हे वाचल्यापासून मला राहवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तो अभ्यास 2022 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. 2001 मध्ये दोन्ही गटांच्या मृत्युदरांतील फरक दर लाखामागे सुमारे 17 होता, तो 2019 पर्यंत 107 वर गेला. आकडे खरे आहेत. परंतु त्या काळात दोन्ही गटांतील मृत्युदर घटला, डेमोक्रॅटिक काउंट्यांत अधिक आणि रिपब्लिकन काउंट्यांत कमी, ही गोष्ट सयाजीगंज यांनी सांगितलीच नाही. शिवाय गरिबी, शिक्षणाचा अभाव, धूम्रपान आणि बंद पडलेली गावातली रुग्णालये ही जेथे एकत्र नांदतात, तेथील माणूस लवकर मरतोही आणि विशिष्ट प्रकारे मतदानही करतो. यावरून मतदानामुळे मरण आले असा निष्कर्ष कसा काढता येईल?

आपल्याकडे तर डेमोक्रॅटिक-रिपब्लिकनसारखे डावे-उजवे हे मोजमापच तोकडे पडते. 2020 चा अर्भकमृत्यू दर, म्हणजे जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी वर्षाच्या आत दगावणारी मुले, पाहा : केरळ 6, तमिळनाडू 13, हिमाचल प्रदेश 17, गुजरात 23 आणि मध्य प्रदेश 43. हिमाचलात 1990 पासून काँग्रेस आणि भाजप आलटून पालटून येतात, कोणीही सलग दुसऱ्यांदा टिकलेले नाही. तमिळनाडूत दोन द्रविड पक्षांनी एकमेकांवर कुरघोडी करता करता पोषण आहार आणि औषधपुरवठा यांची घडी बसवली. केरळातही 2021 पर्यंत सत्ता फिरतीच राहिली. माझे म्हणणे एवढेच आहे की राज्यकर्त्यांची विचारसरणी दुय्यम असते आणि त्यांना पराभवाची धास्ती असणे हे महत्त्वाचे असते. भाकरी फिरवली नाही तर करपते.

सयाजीगंज :
आपण माझे म्हणणे अर्धेच वाचलेत. मतदान करून कोणी मरत नाही हे मलाही कळते. मतदानातून सरकार येते, सरकार निर्णय घेते आणि त्या निर्णयामुळे माणूस जगतो किंवा मरतो, ही साखळी मी मांडली होती. गरिबांसाठीच्या मेडिकेड विम्याची व्याप्ती वाढवायची की नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये राज्यांवर सोडले. टेक्सास आणि फ्लोरिडा यांनी ती आजही वाढवलेली नाही. हा निर्णय आकाशातून पडलेला नसून निवडून दिलेल्या माणसांनी घेतलेला आहे. 2020 मध्ये हवाईत आयुर्मान 80.7 वर्षे होते आणि मिसिसिपीत 71.9. जवळजवळ नऊ वर्षांच्या या तफावतीत राजकारणाचा काहीच वाटा नाही, असे आपण म्हणू शकता का?

आता घरचे बोलतो. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गुजरातेत पाच वर्षांखालील 39 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे आणि जवळपास 80 टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आहे. एवढे कारखाने आणि एवढी बंदरे असलेल्या राज्याला हे शोभते का? सरकारने कशाला प्राधान्य दिले, हे या आकड्यांत स्पष्ट दिसते.

कारेलीबाग :
आपण दोघेही अमेरिकेत आणि हिमाचलात फिरत आहात, म्हणून आपल्याच शहरातले सांगते. ऑगस्ट 2024 च्या पुरात आमच्या तळमजल्यावर छातीइतके पाणी होते. सासूबाईंचे इन्सुलिन फ्रिजमध्ये, फ्रिज पाण्यात आणि वीज गेलेली. शेजारच्या काकांचे त्या आठवड्याचे डायलिसिस चुकले, कारण होडी आली ती दुधाच्या पिशव्या देऊन पुढे गेली. पाणी ओसरल्यावर नळाला येणाऱ्या पाण्याला गटाराचा वास येत होता आणि आमच्या गल्लीत घरोघरी जुलाब आणि ताप सुरू झाले. आयुर्मान म्हणजे काय ते आम्ही तेव्हा पाहिले. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या पात्रात आणि ओढ्यांच्या तोंडांवर बांधकामांना परवानग्या कोणी दिल्या? महापालिकेत 2005 पासून एकाच पक्षाची सत्ता आहे, त्यामुळे बोट दाखवायला दुसरे कोणी नाही.

मांजलपूर :
ताई, आपल्यावर जे ओढवले त्याचे मनापासून दुःख आहे, परंतु पुराचे खापर एका पक्षावर फोडणे मला पटत नाही. विश्वामित्रीला पूर संस्थानकाळातही येत असे. पावागडच्या डोंगरात आणि आजवा सरोवराच्या परिसरात मुसळधार पाऊस झाला की ते सगळे पाणी शहरातच उतरते. शिवाय नदीकाठची वस्ती काही एका दिवसात वाढली नाही. तिच्यात सर्व पक्षांच्या काळातील बांधकामे आहेत आणि ती घरे विकत घेणारे आपणच आहोत.

कारेलीबाग :
घर घेताना आम्ही महापालिकेची मंजुरी पाहिली होती. मंजूर नकाशा पाहून घर घेणाऱ्यालाच दोषी ठरवायचे असेल, तर मंजुरी देणाऱ्याचे काम काय? आपण मांजलपुरात उंचावर राहता, म्हणून आपल्याला हे बोलणे सोपे जाते. पुराबरोबर नदीतली मगर अंगणात आलेली पाहिल्यावर माणूस इतक्या शांतपणे लिहीत नाही.

मांजलपूर :
माझ्या सोयीवर बोलण्यापेक्षा मुद्द्यावर बोलावे. सुरतेचे उदाहरण घ्या. 1994 मध्ये प्लेगने ते शहर ओस पडले होते. नंतर आयुक्त एस. आर. राव यांनी दररोज कचरा उचलण्याची, रस्त्यावर उतरून पाहणी करण्याची आणि बेकायदा बांधकामे पाडण्याची शिस्त लावली, आणि दोन वर्षांत सुरत ओळखू येईनासे झाले. मतदार तेच होते. खंबीर अधिकारी आणि त्याला मोकळा हात, यातच सगळे येते.

सयाजीगंज :
आणि तो मोकळा हात कोण देते? निवडून आलेलेच देतात आणि तेच काढून घेतात. मांजलपूर साहेब, आपण माझाच मुद्दा सिद्ध करत आहात.

निवृत्त परिचारिका :
माझी निम्मी नोकरी छोटा उदेपूरकडच्या आदिवासी भागात झाली, म्हणून थोडे लिहिते. कवांटच्या डोंगरातील वस्त्यांवरून अडलेली बाई कापडाच्या झोळीतून यायची. दोन माणसे खांद्यावर बांबू घेऊन पुढेमागे आणि सासू हातात कंदील घेऊन बरोबर. आमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत कित्येकींचा रक्तस्राव हाताबाहेर गेलेला असायचा. 2007 मध्ये 108 ची रुग्णवाहिका सुरू झाली आणि रस्त्यालगतच्या गावांतल्या बायका वेळेत येऊ लागल्या. हा बदल मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे आणि त्याचे श्रेय ज्या सरकारचे त्याला मी देते. परंतु जेथे गाडीचा रस्ताच नाही तेथे झोळी कायम राहिली.

त्या पट्ट्यातून काँग्रेसचे आमदार अनेकदा निवडून आले. गांधीनगरात सत्ता दुसऱ्यांची आणि मतदारसंघ विरोधकांचा, अशी परिस्थिती असताना रस्ता मागायला कोणाकडे जायचे, हे तेथील लोकांना कधी कळलेच नाही. सयाजीगंज, आपल्या हिशेबात ही माणसे कोणत्या रकान्यात जातात? त्यांनी सत्तेविरुद्ध, म्हणजे आपल्या हिशेबाप्रमाणे मत दिले, तरीही ती लवकर गेली. तेथील मुलांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, शिवाय तिसऱ्या महिन्यात आईचे रक्त तपासलेले नसते. मुलींना सातवीनंतर शाळेतून काढून शेतमजुरीला नेतात. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. शिकलेल्या आईचे मूल जगण्याची शक्यता अधिक असते, हे मी प्रसूतिगृहात रोज पाहिले आहे.

सयाजीगंज :
ताई, आपला अनुभव मी नाकारत नाही. विरोधकांना निवडून देणारा मतदारसंघ उपेक्षित राहतो, हे राजकारणाचेच फळ आहे. माझ्या मांडणीत ही बाजू नव्हती, ती धरली पाहिजे, एवढे मान्य. महाराजांचे नाव मात्र प्रत्येक चर्चेत पुढे आणून आजच्या राज्यकर्त्यांना जबाबदारीतून मोकळे करू नये, ही विनंती.

मांजलपूर :
दांडियाबाजार यांच्या मूळ लेखाकडे वळतो, कारण त्यांचा भाकरीचा सिद्धांत मला अजिबात मान्य नाही. गुजरातेत अर्भकमृत्यू दर 2005 मध्ये हजारी 54 होता, 2020 मध्ये तो 23 झाला. या पंधरा वर्षांत सत्ता एकदाही फिरली नाही, तरी दर निम्म्याहून खाली आला. पराभवाच्या धास्तीशिवाय काम होत नसेल, तर हे कसे झाले?

दांडियाबाजार :
अर्भकमृत्यू दर उतरला हे खरे आहे, ते मी आनंदाने नव्हे पण प्रामाणिकपणे स्वीकारतो. परंतु त्याच राज्यातील खुज्या मुलांचे प्रमाण पाहा : 2015-16 मध्ये 38.5 टक्के आणि पुढच्या सर्वेक्षणात 39. रुग्णवाहिका धावताना दिसते, तिचे उद्घाटन करता येते. अंगणवाडीतील ताटात डाळ किती पडली हे कोणाला दिसत नाही. सत्ता जाण्याची भीती नसलेले सरकार दिसणारे काम करते आणि न दिसणारे सोडून देते, असे माझे सुधारित म्हणणे आहे आणि त्याचे उत्तर मला हवे आहे.

मांजलपूर :
उत्तर देतो. त्याच दोन सर्वेक्षणांच्या दरम्यान महाराष्ट्रात हे प्रमाण 34.4 वरून 35.2 वर गेले आणि तेथे तर सरकारे बदलत राहिली. ज्या केरळाचा आपण दाखला दिलात, तेथे ते 19.7 वरून 23.4 झाले, म्हणजे वाढ गुजरातपेक्षा कितीतरी अधिक. केरळात तर आपली भाकरी दर पाच वर्षांनी फिरत होती.

निवृत्त परिचारिका :
तरीही केरळाचे 23 आणि आपले 39 आहेत, मांजलपूर भाऊ. वाढ कोठे अधिक झाली हे पाहताना, आज खुजी मुले कोठे अधिक आहेत हे नजरेआड करू नका.