मदत हवी आहे: जुन्या प्लांटेशन घराचं सीलिंग (तातडीचं)

सॅनहोजेकर: एक जुनं प्लांटेशन स्टाइल घर पसंत पडलंय, १९३८ चं, वर पत्रा, पुढे व्हरांडा, बायकोने झोपाळा कुठे टांगायचा तेपण ठरवून टाकलं. ऑफर अॅक्सेप्ट झालीय, इन्स्पेक्शनची (म्हणजे घर तपासून माघार घ्यायची) मुदत शुक्रवारी संपते. आतलं सीलिंग जाड पुठ्ठ्यासारखं आहे आणि एका कोपऱ्यात ओल येऊन फुगलंय. ते फोडून जिप्सम बोर्ड लावायला किती खर्च येईल? स्वतः केलं तर एका वीकेंडला होईल का? प्लीज लवकर सांगा.

निवडुंग: कुठे पण? मुन्नार? श्रीलंका?

सॅनहोजेकर: अहो हवाई! बिग आयलंड, होनोका. लिहायचं राहिलं.

दापोलीकर: तेवढ्या पैशात इकडे चिरेबंदी घर आणि वर कलमांची बाग येईल. बघा विचार करून.

हिलोची_सून: थांबा, फोडू नका!! ते कॅनेक असणार. उसाच्या चिपाडाचा बोर्ड, बिग आयलंडवरच्या हिलोतच बनायचा, १९३२ ते १९६३, आणि वाळवी लागू नये म्हणून त्यात आर्सेनिक घालायचे. नुसतं रंगवून ठेवलं तर सहसा त्रास नाही, पण करवत लावलीत की धूळ घरभर. आधी तुकडा लॅबला द्या. आणि पत्रा कुठे गळतोय ते बघा, सीलिंग नंतर.

रोखठोक: अॅस्बेस्टॉस म्हणायचंय का तुम्हाला?

हिलोची_सून: नाही, आर्सेनिकच. सासऱ्यांच्या घरी आहे.

रोखठोक: असेल. पण खरी भीती वाळवीची. माझ्या भावाने अख्ख्या घराला तंबू घालून गॅस सोडला, दोन वर्षांत परत लागली. पैसे पाण्यात.

हिलोची_सून: तंबूने लाकडातली वाळवी मरते, जमिनीतून चढणारी फॉर्मोसन नाही मरत, तिच्यासाठी जमिनीत औषध मारावं लागतं. घर खांबांवर असेल ना? टॉर्च घेऊन खाली सरपटत जा, खांबांवर वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात का बघा. या घरांच्या भिंती एकेरी फळीच्या, आत चौकट नसते, वरचा भार फळ्यांवरच. फळी पोखरली की भिंत गेली.

निवडुंग: आणि लाव्हा? २०१८ ला लेलानी इस्टेट्समधली घरं गेली होती ना?

हिलोची_सून: ते बेटाच्या पुना भागात, लाव्हाच्या धोक्याचा झोन १, म्हणजे सगळ्यात जास्त धोका. होनोका झोन ८ मध्ये येतं, तिथे ती काळजी नाही. सांडपाण्याचं विचारलंत का कोणी? बहुतेक सेसपूल असेल, नुसता खड्डा. २०१७ च्या कायद्याने २०५० पर्यंत सगळे बदलायचेत, आणि सेप्टिक टाकीचा खर्च हजारो डॉलरचा. जमीन फी सिंपल (पूर्ण मालकीची) आहे की लीजवर?

सॅनहोजेकर: फी सिंपल. एजंटला फोन केला आत्ता. सेसपूलच आहे, आणि तो कारपोर्टच्या (गाडीच्या शेडच्या) खाली!! कारपोर्ट नंतर बांधलाय म्हणे, परमिट सापडत नाहीये. आता शुक्रवारचं काय करू?

दापोलीकर: म्हटलं होतं.

हिलोची_सून: मुदतवाढ मागा, आजच, लेखी. फोनवर नको. आणि झोपाळा तुळईलाच टांगा, फळीला नको.

सॅनहोजेकर: झोपाळ्याचं कोणी विचारलं होतं :)