सोनिता अलिझादे: प्रसिद्धी कमावलेली की मिळवून दिलेली?

रानजाई:
सोनिता ही अफगाण रॅपर. १९९६ साली अफगाणिस्तानात हेरातला जन्म, इराणात कागदपत्रांविना निर्वासित आयुष्य. भावाच्या लग्नाला देज भरायचं म्हणून सोळाव्या वर्षी घरच्यांनी हिचाच भाव ठरवला, ९,००० डॉलर. (आपल्याकडे हुंडा मुलीकडचे देतात, तिकडे देज मुलाकडचे. मुलीला कुठेच विचारत नाहीत.) २०१४ मध्ये तिने ‘विकाऊ नवऱ्या’ हे रॅप केलं. अंगात लग्नाचा पोशाख, कपाळावर बारकोड, चेहऱ्यावर मारहाणीच्या खुणा. इराणात बाईने जाहीरपणे एकटीने गायला बंदी असताना! ही प्रसिद्धी तिने स्वतः कमावली, असं माझं ठाम मत आहे.

बांधावरून:
अर्धंच खरं. तिच्यावर माहितीपट करणाऱ्या रोख्सारे घायेम मघामी यांनी तिच्या आईला २,००० डॉलर दिले, तेव्हा तिचं लग्न सहा महिने पुढे ढकललं गेलं, तेवढी मुदत मिळाली. व्हिडिओ त्या मुदतीतला. पुढे अमेरिकेत यूटामधली शाळा. २०१६ ला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात माहितीपटाला पुरस्कार. पैसे मोजले म्हणजे त्या बाजाराचा दर मान्यच केला ना? इराणातल्या तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुलींसाठी कोण पैसे आणणार होतं?

रानजाई:
मग काय, कॅमेरा गुंडाळून निघून जायचं होतं? समोरची मुलगी ‘मला वाचवा’ म्हणत असताना तटस्थ राहणं मला तरी जमलं नसतं. पैशांनी मुदत मिळाली. ओळी तिच्याच होत्या, आणि ती रॅप आधीपासून करत होती.

सुईदोरा:
आईला खलनायिका करू नका, एवढंच सांगते. परक्या देशात, हातात कागद नाहीत, अशा घरात देज हा मुलाच्या लग्नाचा एकमेव मार्ग वाटतो. गाणं गाजल्यावर तीच आई लेकीच्या बाजूने उभी राहिली. मला तर सगळ्यात मोठा बदल हाच वाटतो.

बांधावरून:
एका आईचा बदल, मान्य. पण २०२१ मध्ये तालिबान परत आलं. ऑगस्ट २०२४ च्या फर्मानात तर बाईचा आवाजच चारचौघांत ऐकू येऊ नये असं ठरवलं. सोनिता अमेरिकेतल्या बार्ड कॉलेजातून ऑक्सफर्डच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीपर्यंत पोचली, आनंदच आहे. हेरातच्या मुलीला त्याचा काय उपयोग?

रानजाई:
ते गाणं पुन्हा ऐका. सुरुवातच कुजबुजीने होते, कारण मुलींच्या विक्रीबद्दल मोठ्याने बोलायची सोय नाही. आणि ते फारसीत आहे. आपल्याला खालची भाषांतराची पट्टी वाचावी लागते, हेरातच्या मुलीला नाही.